प्रकल्प नोंदी: धातू सरकला की खोली?

१६ जून २०२५, सोमवार

आजपासून नवी वही. जुनीत पॉलिशिंगची रडगाणी जास्त आणि आकडे कमी होते, म्हणून ती कपाटात टाकली.

काम असं आहे. हिऱ्याची बर्कोविच टिप, म्हणजे तीन बाजूंचा बसका पिरॅमिड, धातूत १० मिलीन्यूटन जोरानं रुतवायची आणि १० मिनिटं तशीच धरून ठेवायची (हाच 'होल्ड'). १० मिलीन्यूटन म्हणजे तळहातावर एक ग्रॅमचं वजन ठेवलं तर जाणवेल तेवढा भार, खरं तर जाणवणारही नाही इतका. पण टिपचं टोक एवढं बारीक की तिच्याखाली गिगापास्कलमध्ये दाब तयार होतो. भार वाढत नाही, कमी होत नाही, तरी टिप हळूहळू आत उतरत राहते. हाच क्रीप. पुस्तकात त्याला 'विसर्पण' म्हणतात. लॅबमध्ये हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, त्यामुळे वहीतही क्रीपच.

धातू: कोबाल्ट, क्रोमियम, लोह, मँगनीज आणि निकेल, पाचांचे अणू सारख्या संख्येनं. ब्रायन कँटर आणि त्यांचे विद्यार्थी अलेन व्हिन्सेंट यांचं हे काम १९८१ च्या आसपासचं, छापून आलं २००४ मध्ये. त्यांनी आधी वीस मूलद्रव्यं सारख्या प्रमाणात वितळवून पाहिली होती. तो गोळा ठिसूळ आणि अनेक प्रावस्थांचा, म्हणजे आत वेगवेगळ्या रचनेचे भाग असलेला निघाला, पण त्याच खटाटोपातून हा पाचांचा एकजीव मिश्रधातू हाती लागला. २००४ मध्येच तैवानच्या येह यांच्या गटानं अशा धातूंना 'हाय एंट्रॉपी' हे नाव दिलं. त्याच्या वर्षभर आधी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एस. रंगनाथन यांनी 'करंट सायन्स'मध्ये त्यांना चक्क कॉकटेल म्हटलं होतं. मला हे नाव जास्त आवडतं, पण शोधनिबंधात लिहायची हिंमत नाही.

सॅम्पल दोन. पहिलं आमचंच: आर्क भट्टीत पाच वेळा उलटंपालटं करून वितळवलेलं, १२०० अंशाला ४८ तास ठेवलेलं, मग दाबून पुन्हा तापवलेलं. ग्रेन, म्हणजे धातूतले बारीक स्फटिक, साधारण ६० मायक्रॉनचे. वितळवताना मँगनीजची वाफ होऊन जाते, म्हणून ते मुद्दाम थोडं जास्त घातलं होतं. भट्टीच्या काचेवर जमलेली काळपट पूड म्हणजे तेच मँगनीज. दुसरं सॅम्पल बाहेरून यायचंय, त्याबद्दल आल्यावर लिहीन.

१९ जून

दिवस पॉलिशमध्ये गेला. ३२० ते २००० नंबरचे कागद, मग ३ आणि १ मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट, शेवटी कोलॉइडल सिलिका. आरशासारखं चकचकीत झालं. ज्युनियर म्हणाला, "ताई, झालं की." झालं नाही. चकाकी फक्त वरवरची. घासताना पृष्ठभागाखालच्या थरात डिस्लोकेशनचं (अणूंच्या रांगांमधल्या, सरकणाऱ्या दोषरेषांचं) जंगल तयार होतं, आणि मला नेमकं त्याच थरात, काही शे नॅनोमीटरवर, माप घ्यायचंय. कणीक मळून मळून घट्ट करायची आणि मग तिचा मऊपणा तपासायचा, असला प्रकार.

उद्या इलेक्ट्रोपॉलिश. पर्क्लोरिक आम्ल आणि मेथॅनॉल, उणे २० अंशाला. हे द्रावण गरम होऊ द्यायचं नसतं, का ते विचारायचंही नसतं. लॅबच्या मामांनी फ्यूम हूडपाशी पाण्याची बादली आणून ठेवली आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

२४ जून

फ्यूज्ड सिलिकावर (शुद्ध काचेवर) कॅलिब्रेशन. टिप नवी असताना जवळजवळ आदर्श पिरॅमिड असते, म्हणजे खड्ड्याच्या खोलीच्या वर्गाला २४.५ नं गुणलं की संपर्काचं क्षेत्रफळ मिळतं. वापरून टोक बोथट होतं आणि मग उथळ मापांत ते सूत्र थापा मारायला लागतं. सिलिकाचा लवचीकता गुणांक (लवचीकपणे दबताना ती किती ताठ असते त्याचा आकडा) ७२ गिगापास्कल हे माहीत आहे, त्यावरून उलटा हिशेब करून टिपचा खरा आकार काढला. ऑलिव्हर आणि फार यांची १९९२ ची पद्धत. इंडेंटरच्या, म्हणजे टिप रुतवणाऱ्या या मशीनच्या, धंद्यात ही पद्धत म्हणजे पसायदान, तिच्याशिवाय कुठलीच सभा संपत नाही. आमच्या टिपच्या टोकाची त्रिज्या ३०० नॅनोमीटरच्या आसपास आली. म्हातारी झालीय, पण चालेल.

२७ जून

पहिला खरा होल्ड. ग्रिड ५ बाय ५, दोन खड्ड्यांत १० मायक्रॉन अंतर. पूर्वी खड्ड्याच्या खोलीच्या २० पट अंतर सोडा असं सांगायचे. हैदराबादच्या एआरसीआय या पदार्थसंशोधन केंद्रातले सुदर्शन फणी आणि ऑलिव्हर यांनी २०१९ मध्ये दाखवलं की १० पट पुरतं. माझ्या खड्ड्याची खोली ३६० नॅनोमीटर, म्हणजे ३.६ मायक्रॉन सोडूनही भागलं असतं. पण ग्रेन ६० मायक्रॉनचा आहे, ४० बाय ४० चा अख्खा ग्रिड एकाच ग्रेनमध्ये बसतोय, तर कशाला कंजुषी.

१० मिनिटांत टिप ३५ नॅनोमीटर आत गेली. वक्र असा गुळगुळीत की फोटो काढून आईला पाठवला. तिनं विचारलं, "हा कुठला डोंगर?"

मग ताणाचा घातांक काढला. ताण किंचित बदलला की सरकण्याचा वेग किती पटीनं बदलतो ते तो सांगतो. होल्डमध्ये खड्डा वाढतो, म्हणून दाब कमी होत जातो, आणि त्याबरोबर वेगही. दोन्हींचे लॉग काढून एकमेकांसमोर मांडले, की रेषेचा उतार म्हणजे घातांक. पहिली १०० सेकंद सोडून दिली, पुढचं वापरलं.

घातांक ४.१.

पुस्तकात लिहिलेलंच आहे: घातांक १ असेल तर अणू विसरणानं (डिफ्यूजननं, एकेक करून जागा बदलत) सरकताहेत, २ असेल तर ग्रेनच्या कडा घसरताहेत, ३ ते ८ असेल तर डिस्लोकेशनचा क्रीप. ४.१! तीन आठवड्यांचं काम एका दिवसात झालं असं वाटलं. कँटीनमध्ये ज्युनियरला मिसळ खिलवली.

२८ जून, शनिवार

सरांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, आलेख खिडकीकडे धरला आणि विचारलं, "धातूचा घातांक छान आलाय. खोलीचा किती आहे?"

मला कळलं नाही. ते पुढे बोलले नाहीत. तुमच्याच तोंडून निघेपर्यंत थांबायची त्यांची सवय आहे. जाताना एवढंच म्हणाले, "हा मिश्रधातू वितळतो कितीला?"

१२८० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे १५५३ केल्व्हिन. लॅब २९७ केल्व्हिनवर. भागाकार ०.१९. चार-पाचचा घातांक पुस्तकात मिळतो तो ०.५ च्या वरच्या तापमानात, जिथे अणूंना जागा सोडून हलता येतं. ०.१९ ला अणू जागच्या जागी घट्ट असतात. मग माझा ४.१ आला कुठून? मिसळीचे पैसे फुकट गेले की काय.

२ जुलै

आज धातू बाजूला ठेवून सिलिकावर होल्ड घेतला, पण भार फक्त ०.०५ मिलीन्यूटन. एवढ्या हलक्या स्पर्शाला काच निव्वळ लवचीक असते, तिच्यात कायमचा खड्डा पडत नाही, क्रीपही होत नाही. म्हणजे टिप हलली तर ती काचेमुळे नाही.

पहिल्या १० मिनिटांत ११ नॅनोमीटर आत. दुसऱ्या वेळी ९ नॅनोमीटर बाहेर.

बाहेर! काच टिपला ढकलतेय की काय! ज्युनियर हसत होता, मी नव्हते.

सॅम्पल ज्यावर बसतं तो अ‍ॅल्युमिनियमचा खांब २० मिलिमीटरचा. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला दर दशलक्षात २३ भाग फुगतो. तापमान एक दशांश अंशानं वाढलं की खांब ४६ नॅनोमीटर वाढणार. मला दिसले त्या ११ नॅनोमीटरना अंशाचा चाळिसावा भाग पुरतो. माणूस मशीनजवळून चालत गेला तरी तेवढं होत असेल.

मशीनला हे माहीत असतं. प्रत्येक चाचणीच्या शेवटी भार दहा टक्क्यांवर आणून ते ६० सेकंद थांबतं, टिप किती वाहवतेय ते मोजतं आणि संपूर्ण चाचणीतून तेवढा ड्रिफ्ट वजा करतं. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला हिरवी टिकही मिळते. माझ्या २७ तारखेच्या फाइलला हिरवी टिक होती. मीही टिक बघितली आणि पुढे गेले.

४ जुलै

कोडं मामांनी सोडवलं, त्यांच्या नकळत. एसीचा फिल्टर धुवायला आले होते. म्हणाले, "मॅडम, हा एसी बारा मिनिटं चालतो नि बारा मिनिटं झोपतो. माझ्यासारखाच."

घड्याळ लावून बसले. खरंच, २४ मिनिटांचं चक्र. बारा मिनिटं खोली गार होते, बारा मिनिटं गरम. टिपच्या आतल्या तापमापकावर तोच झोका थोडा उशिरानं दिसतो.

आता २७ तारीख उलगडली. १० मिनिटांच्या होल्डमध्ये खोली एकाच दिशेनं जात होती आणि टिप सेकंदाला ०.०२ नॅनोमीटर आत वाहवत होती. चाचणी संपून ड्रिफ्ट मोजायची वेळ आली तोवर एसी कूस बदलून बसला होता. तेव्हा मोजलेला ड्रिफ्ट उणे ०.०१. मशीननं इमानदारीत तो उणे आकडा वजा केला, म्हणजे चूक कमी करायच्या ऐवजी वाढवली. उरला सेकंदाला ०.०३ नॅनोमीटरचा खोटा क्रीप. ६०० सेकंदांत १८ नॅनोमीटर.

माझ्या ३५ पैकी १८ खोलीचे. अर्ध्याहून जास्त!

आणि ४.१ हाही लॅबच्या खोलीचाच उद्योग. धातूचा स्वतःचा वेग पुढे पुढे इतका कमी होतो की शेवटी मागे उरतो फक्त ड्रिफ्ट, एकसारखा, न थकणारा. वेग कमी व्हायचं थांबतो, खड्ड्याची खोली मात्र वाढत राहते, आणि त्यातून उतार निघतो तो चार-पाचच्या घरात. पुस्तकातल्या चौकटीत चपखल बसणारा आकडा एसीनं तयार करून दिला होता. चौकटीत बसला नसता तर मी तेव्हाच शंका घेतली असती.

९ जुलै

रात्रपाळी. एसी पूर्ण बंद, दार बंद, माणूस नको. संध्याकाळी सातला सॅम्पल आत ठेवलं आणि पहाटे दोनपर्यंत त्याला एकटं सोडलं. तापमान आता वर-खाली करत नाही, एकाच बाजूला हळूहळू सरकतं, आणि असा सरळ ड्रिफ्ट वजा करता येतो.

सॅम्पलही बेकलाइटच्या माउंटमधून काढून सरळ स्टीलच्या स्टबवर चिकटवलं, सुपरग्लूचा पातळ थर देऊन. प्लॅस्टिक स्वतःच भाराखाली सरकतं. धातूचा क्रीप मोजायला धातू प्लॅस्टिकच्या गादीवर बसवायचा, हे इतके दिवस कुणालाच खटकलं नव्हतं. मलाही नाही.

पहाटे ३.२० ला वीज गेली. यूपीएसनं मशीन वाचवलं, ग्रिडमधले नऊ खड्डे मात्र वाया गेले. घरी जाताना चांदणी चौकात पोहे खाल्ले.

१५ जुलै

सरांनी वेगळी वाट सुचवली, वेह्स आणि पेथिका यांची १९९२ ची. टिप किती उतरली ते विचारूच नका, टिपखालचा संपर्क किती ताठ आहे ते विचारा.

होल्ड चालू असताना टिपला २ नॅनोमीटरचा बारीक हिंदोळा द्यायचा. मी ४० हर्ट्झ ठेवलाय, विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीपासून लांब. प्रत्येक हिंदोळ्यात धातू किती प्रतिकार करतो त्यावरून ताठपणा मिळतो. ताठपणा क्षेत्रफळाच्या वर्गमुळाशी बांधलेला, लवचीकता गुणांक आधीच माहीत. म्हणजे खड्डा किती रुंदावला ते थेट कळतं. खांब फुगो, एसी झोपो, दार उघडो, क्षेत्रफळाला त्याचं सोयरसुतक नाही.

इतकं साधं आहे की राग आला. गेला महिना मी खोलीशी भांडत होते.

१८ जुलै

२५ होल्ड, सगळे हिंदोळ्याच्या पद्धतीनं. सरासरी:

सुरुवातीचा ताठपणा मीटरला ३.५६ लाख न्यूटन, शेवटी ३.७३ लाख. कडकपणा (भार भागिले खड्ड्याचं क्षेत्रफळ) ३.५ वरून ३.२ गिगापास्कल. खड्ड्याच्या खोलीत भाषांतर केलं तर १७ नॅनोमीटर, आणि त्यातले १२ पहिल्या मिनिटातच. उरलेल्या नऊ मिनिटांत जेमतेम ५.

घातांक ८३. सगळ्यांत कमी ७१, सगळ्यांत जास्त ९६.

४.१ कुठे आणि ८३ कुठे. शेवटच्या मिनिटात धातूचा खरा वेग सेकंदाला ०.००३६ नॅनोमीटर होता. माझा २७ तारखेचा खोटा ड्रिफ्ट त्याच्या आठपट. म्हणजे कुजबूज ऐकायला बसले होते, शेजारी मिक्सर चालू.

वेळेचा अक्ष लॉगमध्ये घेतला तर वक्र जवळजवळ सरळ रेषा होतो. ज्युनियरनं हौसेनं अँड्रेडचा नियम लावून पाहिला, वेळेच्या घनमुळानं वाढणारा. अँड्रेड यांनी १९१० मध्ये शिशाच्या तारांवर तो मांडला होता. आमच्या वक्राला तो बसेना. बसणारही नव्हता, शिसं खोलीच्या तापमानालाच वितळण्याच्या अर्ध्या वाटेवर असतं, त्याच्यासाठी आमची लॅब म्हणजे भट्टी. आमच्या धातूसाठी तीच लॅब शीतगृह आहे. इथे अणूंचं विसरण होत नाही. गिगापास्कलच्या दाबाखाली डिस्लोकेशन अडथळ्याशी थांबते, उष्णतेचा धक्का मिळेपर्यंत वाट बघते आणि मग पुढे सटकते. सोपे अडथळे आधी संपतात, पुढचे अवघड होत जातात, म्हणून पहिल्या मिनिटात एवढी गडबड आणि मग सामसूम.

सरांनी फक्त "हं" केलं. सरांचं "हं" म्हणजे पुष्कळ.

२३ जुलै

संध्याकाळी साडेसहाला ताठपणाचा आलेख थरथरायला लागला. केबल, कंप्रेसर, यूपीएस, सगळं तपासलं. मग खिडकी उघडली.

ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झालाय, मागच्या मैदानावर. गणपती २७ ऑगस्टला, म्हणजे आता रोज संध्याकाळी हेच. मशीनखाली कंप शोषणारं टेबल आहे, वर आवाज अडवणारी पेटी आहे. पन्नास ढोलांपुढे दोन्ही हात टेकतात. टेबलामुळे जमिनीचा हादरा अडतो, पण आवाज हवेतून पेटीवर आदळतो आणि पेटीच टिपसकट थरथरते.

भांडायला जाण्यात अर्थ नव्हता, ज्युनियर त्याच पथकात ताशा वाजवतो. वेळापत्रकच बदललं: होल्ड रात्री दहानंतर, सराव संपल्यावर. त्यालाच सांगितलं की सुट्टीच्या दिवशी पथक नसतं ते कळव. आता तो रोज दुपारी मेसेज करतो: "ताई, आज फक्त ध्वज, ढोल नाही."

३० जुलै

हे मोजायचं ठरलं नव्हतं, पण राहवलं नाही.

इलेक्ट्रोपॉलिश केलेल्या भागात अगदी हलक्या हातानं गेलं तर सुरुवातीला धातू पूर्ण लवचीक वागतो, आणि ०.२ मिलीन्यूटनच्या आसपास टिप एकदम ८ नॅनोमीटर खाली कोसळते. पॉप-इन. टिपखालच्या एवढ्याशा जागेत आधीपासून एकही डिस्लोकेशन नसते, पहिली जन्माला यावी लागते. हर्ट्झच्या (गोल टोकाच्या लवचीक स्पर्शाच्या) सूत्रानं त्या क्षणीचा कातर ताण, म्हणजे अणूंचे थर एकमेकांवर घसरवणारा ताण, काढला तर ७.५ गिगापास्कल. या धातूचा कातर गुणांक ८० च्या आसपास, म्हणजे त्याचा अकरावा भाग. निर्दोष स्फटिक फाटायला लागतो जवळपास तेवढाच. कागदांनी घासलेल्या भागात हा कोसळण्याचा प्रकार होतच नाही, कारण तिथे डिस्लोकेशनचं जंगल आधीच उभं आहे.

आज भार ०.१७ वर थांबवला, पॉप-इनच्या खाली, आणि नुसतं बघत बसले. टिप १२ नॅनोमीटरवर स्थिर. १० सेकंद. २०. ४०. पडद्यावर रेषा आडवी, मी चहाचा कप उचलला. ४७ व्या सेकंदाला रेषा तुटून खाली पडली.

भार वाढवला नव्हता, खोली शांत होती, रात्रीचे अकरा वाजून गेलेले. अणूंच्या थरथरण्यात एकदा योग जुळून आला आणि पहिली डिस्लोकेशन सुटली. तेच पुन्हा केलं: १२ व्या सेकंदाला. पुन्हा: तीन मिनिटं काहीच नाही. पुन्हा: ८८ व्या सेकंदाला. बसची वाट बघण्यासारखं आहे, सरासरी सांगता येते, पुढची बस सांगता येत नाही.

चहा पार गार झाला.

६ ऑगस्ट

दुसरं सॅम्पल आलं. १० मिलिमीटरची चकती, तोच मिश्रधातू, पण उच्च दाबाखाली पिळलेला: दोन ऐरणींमध्ये प्रचंड दाबानं चिमटून एक ऐरण फिरवायची. ग्रेन ६० मायक्रॉनवरून ५० नॅनोमीटरच्या घरात येतात. माझ्या एका खड्ड्याखाली आता शेकडो ग्रेन.

पहिले दहा खड्डे चकतीच्या मध्याजवळ घेतले आणि आकडे वाट्टेल तसे आले. चूक माझी. पिळण्यात मध्यबिंदू जवळजवळ फिरतच नाही, विकृती कडेकडे वाढत जाते. कपडा पिळताना मधली घडी कोरडी होत नाही तसं. आता सगळे खड्डे मध्यापासून ३.५ मिलिमीटरवर, एकाच वर्तुळात.

११ ऑगस्ट

पिळलेल्या चकतीचे आकडे. कडकपणा सुरुवातीला ५.५ गिगापास्कल, आधीच्या सॅम्पलच्या दीडपटीहून जास्त. टिप ३०० नॅनोमीटरवरच अडते. इथवर अपेक्षेप्रमाणे.

पण १० मिनिटांत ती २४ नॅनोमीटर आणखी उतरली. मऊ सॅम्पलमध्ये १७. म्हणजे जो जास्त कडक तोच जास्त सरकतो.

ज्युनियरला हे पटेना, "ताई, ड्रिफ्ट असेल." शाबास, महिन्याभरात एवढं शिकला. पण हे ताठपणावरून काढलेलं आहे, ढोल नव्हते, एसी बंद होता. तीन वेगळ्या रात्री तेच.

घातांक ४५ च्या आसपास, वेगाची संवेदनशीलता (एक भागिले घातांक) ०.०२२. मऊ सॅम्पलची ०.०१२.

१२ ऑगस्ट

सक्रियण घनफळाचा हिशेब कागदावर केला. डिस्लोकेशनच्या एका उडीत किती जागेतले अणू मिळून हलतात त्याचा हा अंदाज. तीन गुणिले तीनचं वर्गमूळ, गुणिले बोल्ट्झमन स्थिरांक, गुणिले तापमान. त्याला संवेदनशीलता आणि कडकपणा यांच्या गुणाकारानं भागायचं.

मोठ्या ग्रेनचं: ०.५४ घन नॅनोमीटर. बर्गर्स सदिश (एक डिस्लोकेशन सरकून गेली की स्फटिक जेवढा सरकतो ते अंतर) ०.२५४ नॅनोमीटर, त्याच्या घनाच्या ३३ पट.
पिळलेलं: ०.१९ घन नॅनोमीटर, म्हणजे १२ पट.

मोठ्या ग्रेनमध्ये डिस्लोकेशन ग्रेनच्या पोटातच अडखळत चालते, वाटेत दुसऱ्या डिस्लोकेशन आणि पाच जातींचे लहानमोठे अणू. एका उडीला अणूंचा मोठा घोळका लागतो. ५० नॅनोमीटरच्या ग्रेनमध्ये पोटच नाही, सगळ्या कडाच. डिस्लोकेशन एका कडेतून निघते, समोरच्या कडेत शिरते, आणि कडेपासून सुटायला थोड्या अणूंची हालचाल पुरते. म्हणून उड्या छोट्या, पण उष्णतेच्या धक्क्याला जास्त वेळा दाद देणाऱ्या. कडांमुळे धातू कडक होतो आणि कडांमुळेच सरकतो.

२० ऑगस्ट

सरांनी मसुदा परत दिला. पान एकवर लाल पेन नाही, पान दोनवरही नाही. पान तीनवर जिथे मी "अशा रीतीने क्रीपची यंत्रणा सिद्ध होते" असं लिहिलं होतं, तिथे फक्त एक प्रश्नचिन्ह. बरोबर आहे. दोन सॅम्पल, एक तापमान. यातून यंत्रणा सिद्ध होत नाही, फार तर आकडे तिच्या विरोधात जात नाहीत. वाक्य काढून टाकलं. ते असेही म्हणाले की २७ जूनची फाइल परिशिष्टात टाक, चुकीच्या आलेखासकट आणि एसीच्या चक्रासकट. मी म्हटलं, "सर, लोक हसतील." "हसू देत. त्यातले निम्मे घरी जाऊन आपल्या फाइली उघडतील."

पुढचं काम गरम स्टेजवर. पिळलेला धातू ४५० अंशाला फार वेळ ठेवता येत नाही, तो फुटून निकेल-मँगनीज, लोह-कोबाल्ट आणि क्रोमियमच्या वेगळ्या प्रावस्था पडायला लागतात. म्हणजे क्रीप मोजता मोजता मोजायचा धातूच बदलून जाईल. २५० पर्यंतच जायचं ठरवलं.

२६ ऑगस्ट, हरतालिका

सुट्टीपूर्वीची शेवटची रात्र. मामा दुपारीच गावी गेले. पथक आज मैदानावर नाही, उद्याच्या मिरवणुकीची तयारी. ज्युनियरचा मेसेज: "ताई, आज रात्र तुमची."

मोठ्या ग्रेनवर आठ होल्ड लावले, प्रत्येकी एक तासाचा. लॉगची सरळ रेषा तासाभरानंतरही सरळ राहते का बघायचंय. पहिला संपला: १० मिनिटांनंतरच्या ५० मिनिटांत ४ नॅनोमीटर. रेषा अजून सरळ.

उरलेले सात मशीन स्वतः घेईल. टिपखालचं तापमान २४.६, चढण सरळ. एसीचा रिमोट मामांच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली माझ्याकडे. दारावर कागद लावलाय: आत होल्ड चालू आहे, ३१ तारखेपर्यंत दार उघडू नये, झाडलोट नको. खाली सही, आणि सहीखाली माझा नाही, सरांचा नंबर. ते फोन उचलत नाहीत, तेवढंच बरं.

निघताना पेटीवर मोदकाचा डबा विसरले होते, तो परत जाऊन उचलला. दार उघडल्याची वेळ रात्री ११.४२, दुसऱ्या होल्डमध्ये तिथे ताठपणाच्या रेषेवर काही दिसतं का ते आल्यावर तपासायचं.